पाहिलेलेच पुन्हा पाहताना
(कृष्णधवल निसर्गचित्रणातील रचना आणि स्वतंत्रता : एक अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला

महाबळेश्वरचा केट्स पॉइंट पाहिला नाही असा विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात विरळाच. ज्याने पाहिला नसेल त्यानेही त्याचे चित्र कोठे ना कोठे पाहिलेले असतेच. आरपार नेढे पडलेला तो कडा, खाली कृष्णेचे खोरे, खोऱ्यात धरणाचे पाणी आणि पलीकडे एकामागे एक विरत गेलेल्या डोंगररांगा. कॅलेंडरवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हेच दृश्य आहे. अशा हजारो वेळा टिपून झालेल्या दृश्याचे आपण आणखी एक छायाचित्र काढावे काय, आणि काढलेच तर त्यात आपले स्वतःचे असे काय असावे, हा या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही. माझे वडील महाबळेश्वरला टॅक्सी चालवतात. पाहुण्यांना एकेक पॉइंट दाखवून परत आणणे हा त्यांचा रोजचा धंदा. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी तालुक्याच्या गावातील एका वृद्ध स्टुडिओवाल्या काकांनी, आपला स्टुडिओ बंद झाल्यावर, जुना यशिका कॅमेरा मला वापरायला दिला. “कपाटात बुरशी लागण्यापेक्षा तुझ्या हातात चालू राहील,” असे ते म्हणाले. त्यात कृष्णधवल फिल्म भरायची, एका रोलवर चौरस आकाराची बाराच चित्रे निघायची. रोलची किंमत ऐकून आईने तेवढ्यात घरात किती दिवसांचे तेल येईल याचा हिशेब लगेच सांगितला. तो हिशेब चुकीचा नव्हता.

पहिला रोल घेऊन मी वडिलांबरोबर केट्स पॉइंटवर गेले. कठड्याशी उभी राहून बाराच्या बारा चित्रे काढली. त्यातले सर्वांत बरे निघालेले एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पाठवले. परीक्षकांनी ते हातात घेतले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “छान आहे. पण हे मी पाहिलेले आहे.” ते माझ्यावर रागावले नव्हते, हिणवतही नव्हते. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. घरी येऊन मी ते चित्र आणि वडिलांच्या गाडीत लटकणाऱ्या कॅलेंडरवरचे चित्र शेजारी ठेवून पाहिले. रंग सोडले तर दोन्ही एकच होती.

पॉइंट म्हणजे कोणाची नजर?

आपण ‘पॉइंट’ हा शब्द इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा अर्थ विसरून जातो. पॉइंट म्हणजे उभे राहण्याची ठरवून दिलेली जागा. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले गेले ते १८२८ च्या सुमारास, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना. त्या ठाण्याला माल्कम पेठ असे नावही पडले. पुढे एकेका कड्याला नावे मिळाली : केट्स, आर्थर्स सीट, लॉडविक, विल्सन, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन. ही नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. येथून पाहावे, या दिशेने पाहावे, हे ज्यांनी ठरवले ते दूरदेशाहून आलेले, उकाड्याने त्रासलेले लोक होते. त्यांनी निवडलेल्या जागा सुंदर आहेत यात शंका नाही. तथापि कठडा बांधला गेला, वाहनतळ झाला, मक्याची कणसे भाजणारे आले, आणि हळूहळू त्या जागेवरून दिसणारे दृश्य म्हणजेच महाबळेश्वर असे होऊन बसले. छायाचित्रकार तेथे पोहोचतो तेव्हा त्याच्या चित्राची अर्धी रचना त्याच्या आधीच कोणीतरी करून ठेवलेली असते.

मग ग्रंथालयात बसून मी जगातील अशाच एका अतिपरिचित दृश्याचा अभ्यास करायचे ठरवले. ते दृश्य म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटीची दरी.

योसेमिटीचा धडा

योसेमिटी ही ग्रॅनाइटच्या प्रचंड कड्यांची दरी आहे. त्यातील ‘हाफ डोम’ नावाचा, मधोमध चिरल्यासारखा दिसणारा घुमट दरीच्या तळापासून सुमारे १,४५० मीटर उंच आहे. कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराने १८६१ साली सुमारे १८ बाय २२ इंचांच्या काचांवर या दरीची चित्रे घेतली. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालावी लागे आणि लगोलग धुवावी लागे, म्हणून अंधारखोलीचा तंबू आणि रसायने खेचरांवर लादून न्यावी लागत. ही चित्रे पूर्वेकडच्या शहरांत पोहोचली, आणि ज्यांनी ती दरी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती त्यांना तिची भव्यता समजली. ३० जून १८६४ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी ती दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. या कामी वॉटकिन्स यांच्या चित्रांचा वाटा होता असे मानले जाते.

त्यानंतर योसेमिटीत कॅमेरे येतच राहिले. १९१६ साली चौदा वर्षांचा एक मुलगा आईवडिलांबरोबर तेथे आला. त्यांनी त्याला कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा दिला होता. त्याचे नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४). म्हणजे अ‍ॅडम्सने आरंभ केला तोही पर्यटकाच्या कॅमेऱ्याने, आणि आधीच पुष्कळदा चित्रित झालेल्या जागी. हे वाचून मला धीर आला.

१० एप्रिल १९२७ रोजी तो हाफ डोमजवळच्या एका उंच कड्यावर जड कॅमेरा पाठीवर घेऊन चढला. काचा संपत आल्या होत्या, दोनच उरल्या होत्या. पहिल्या काचेवर त्याने पिवळा फिल्टर लावून चित्र घेतले. घेतल्यावर त्याच्या लक्षात आले की कडा जसा दिसतो तसा येईल, पण त्याला तो जसा जाणवला होता तसा येणार नाही. शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. त्यामुळे निळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि त्या काळोखापुढे कडा उभा राहिला. हे चित्र ‘मोनोलिथ’ या नावाने प्रसिद्ध आहे.

येथे तांत्रिक बाजू थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. वॉटकिन्सच्या काळातील काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या. त्यामुळे त्यांवर निळे आकाश पांढरेफटक, कोऱ्या कागदासारखे येई. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म आली. तिच्यापुढे पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर धरला की तो निळा प्रकाश कमी-अधिक अडवतो आणि आकाश गडद होते. पिवळ्यासाठी साधारणतः एक टप्पा, तर लाल फिल्टरसाठी सुमारे तीन टप्पे एक्स्पोजर वाढवावे लागते. तेव्हा एकाच दगडामागे पांढरे आकाश ठेवावे की काळे, हा निर्णय छायाचित्रकाराचा असतो. जागा तीच राहूनही चित्र बदलते ते अशा निर्णयामुळे.

कृष्णधवल चित्राचे बळ येथेच आहे असे मला वाटते. रंग काढून घेतले की निळे पाणी, हिरवे डोंगर हे वाटेवरचे सोपे आकर्षण नाहीसे होते. उरतात त्या छटा, रेषा आणि पोत. हिरवे झाड आणि तांबडी माती डोळ्यांना वेगळी दिसतात, परंतु कृष्णधवल चित्रात ती दोन्ही एकाच करड्या रंगाची होऊन एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून चित्र घेण्यापूर्वीच कोणती वस्तू किती काळी, किती करडी, किती पांढरी यावी हे मनाशी ठरवावे लागते. अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चर यांच्याबरोबर १९४० च्या सुमारास ‘झोन सिस्टिम’ नावाची जी पद्धत बसवली तिच्यात निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा टप्पे मानले आहेत. प्रकाशमापक यंत्र जे पाहील त्याला मधला करडा, म्हणजे पाचवा टप्पा समजते. आपला काळा बेसॉल्ट मोजून यंत्र सांगेल तेवढा प्रकाश दिला तर तो काळा न येता राखेसारखा येतो. काळा पण पोत दिसणारा हवा असेल तर दोन टप्पे कमी प्रकाश देऊन त्याला तिसऱ्या टप्प्यावर आणावे लागते. माझ्या पहिल्या रोलवरचे कडे राखेसारखे का आले होते, हे मला तेव्हा उमगले.

दृश्यातून वगळलेले

इतके कळल्यावर मी लाल फिल्टर लावून पुन्हा केट्स पॉइंटवर जावे, हे ओघाने आले. मी तशी निघालेही होते. पण योसेमिटीविषयी वाचताना आणखी दोन गोष्टी सापडल्या आणि माझा बेत बदलला.

पहिली अशी की १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातील एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे हाती घेतली. ती जेथून काढली होती नेमक्या त्याच जागा शोधून, शक्य तेथे तोच ऋतू आणि तीच वेळ साधून, पुन्हा चित्रे काढली. पुढे क्लेट यांनी योसेमिटीतही असेच काम केले. सर्वस्वी दुसऱ्याची जागा, दुसऱ्याची रचना, आणि तरीही ती चित्रे स्वतंत्र ठरली, कारण मध्ये गेलेला काळ त्यांतून दिसतो. तेव्हा नवी जागा शोधली म्हणजे स्वतंत्रता आली, हे समीकरण काही खरे नाही.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी होती. योसेमिटीच्या दरीत पूर्वापार अहवानीची नावाचे आदिवासी लोक राहत होते. १८५१ साली एक सशस्त्र तुकडी दरीत शिरली आणि तिने त्यांना तेथून हुसकावले. काही लोक पुढे परतले, तेथे राहिलेही. वॉटकिन्सची पहिली चित्रे त्यानंतर दहा वर्षांची आहेत. त्या चित्रांत आणि त्यानंतरच्या बहुतेक प्रसिद्ध चित्रांत दरी जणू कोणी कधी राहिलेच नसावे अशी निर्जन दिसते. चित्रे सुंदर आहेत. पण चौकट धरली की काहीतरी बाहेर राहते, आणि पुढचा प्रत्येकजण तीच चौकट धरत गेला की जे बाहेर राहिले ते बाहेरच राहते.

हे वाचताना मला वडिलांचे एक वाक्य आठवले. पहिल्या रोलच्या दिवशी मी कठड्याशी खाली वाकून धरणाच्या पाण्यावर नेम धरत होते. वडील गाडीला टेकून उभे होते. मला म्हणाले, “आगं, त्यात काय काढायचंय? आपलं वावार हाय त्या पाण्याखाली.”

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या जन्माच्या पुष्कळ आधी आजोबांची काठावरची जमीन धरणात गेली आणि घर वरच्या अंगाला आले, ही गोष्ट घरात सर्वांना माहीत आहे. त्या पाण्यावर खाली कितीतरी गावांची शेती उभी राहिली हेही खरे आहे. परंतु हातात कॅमेरा आल्यावर मी ते पाणी पाहिले ते पाहुण्यांच्या डोळ्यांनी. माझ्या चित्रात ‘पाहिलेले’ नव्हते असे काही यायला जागाच कशी असणार?

बांधावरून कडा

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते तेव्हा जुन्या शेतांचे बांध गाळातून वर येतात. मी आजीला विचारले, “आपला बांध कोणता?” ती म्हणाली, “चल, दावते.” वाट अवघड नव्हती, पण तिचे वय झाले आहे म्हणून आम्ही सावकाश गेलो. तिने दाखवला तो दगडी बांध कोणालाही दगडांची एक ओळच वाटली असती. त्याच्यावर उभे राहून मी पश्चिमेकडे पाहिले. ज्या कड्यावरून मी आजवर खाली पाहत होते तो कडा समोर होता, आणि कठडा असेल ती जागा नखाएवढी दिसत होती.

आता रचनेचा विचार. आपला सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा झालेला आहे. त्यामुळे कड्यावर आडवे पट्टे दिसतात : एक उभा काळा थर, मग थोडा उतार आणि गवत, मग पुन्हा काळा थर. गाळातून वर आलेले बांधही तसेच एकापुढे एक आडवे होते. खाली माणसाने रचलेले थर, वर पृथ्वीने रचलेले. ही दोन्ही एका चौकटीत आणायची तर क्षितिज चित्राच्या मधोमध ठेवून चालणार नव्हते. मी कॅमेरा गुडघ्याइतका खाली घेतला. आमचा बांध तळाच्या कोपऱ्यातून तिरपा आत शिरू दिला आणि कड्याला वरचा जेमतेम एक तृतीयांश भाग दिला. एरवी ज्याला नायकाचे स्थान मिळते तो कडा पार्श्वभूमीला गेला. या कॅमेऱ्यात वरून काचेत पाहावे लागते आणि चित्र डावे-उजवे उलटे दिसते. प्रथम मला तो त्रास वाटला होता. पण उलट्या चित्रात ओळखीच्या खुणा ओळखीच्या राहत नाहीत, म्हणून निव्वळ आकार आणि रेषा दिसू लागतात, असा माझा अनुभव आहे.

अडचण होती ती छटांची. मे महिन्याच्या दुपारी कोरडा गाळ आणि बांधाचे दगड दोन्ही सारखेच फिकट दिसत होते, आणि धुरळ्यामुळे कडा पुसल्यासारखा झाला होता. लाल फिल्टर निळसर धूसरपणा काहीसा कमी करतो. पण हवेत धूळच असेल तर तोही काही करू शकत नाही. घरी येऊन मी हे वडिलांना सांगितले. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “वळीव पडू दे. दुसऱ्या दिशी सकाळी जा. समदं खोरं धुतल्यावानी दिसतं.” वीस वर्षे रोज तेच पॉइंट दाखवणाऱ्या माणसाला त्या दृश्याचे जे ज्ञान असते ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते.

वळीव आठ दिवसांनी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी बांधावर होते. हवा स्वच्छ होती. गाळ भिजून काळा झाला होता, पण दगड वरून लवकर सुकले होते, त्यामुळे बांधांच्या ओळी काळ्यावर पांढऱ्या उमटल्या होत्या. पूर्वेचे ऊन पाठीमागून थोडे बाजूने येऊन सरळ कड्याच्या तोंडावर पडत होते आणि प्रत्येक थर वेगळा दिसत होता. पावसाचे उरलेले ढग कड्याच्या माथ्यावर होते. लाल फिल्टर लावून आकाश काळे करण्याचा मोह झाला. पण ते अ‍ॅडम्सचे आकाश झाले असते. वळवाच्या दुसऱ्या दिवशीचे आमच्याकडचे आकाश नाट्यमय नसते, निवांत असते. मी पिवळाच फिल्टर लावला. माझ्या कॅमेऱ्यात पाहण्याचे भिंग वर आणि चित्र घेणारे भिंग खाली असते. फिल्टर खालच्या भिंगाला लागतो, म्हणून त्याचा परिणाम आधी दिसत नाही, तो मनातच पाहावा लागतो. भिजलेल्या गाळावर मोबाइलमधल्या प्रकाशमापकाने मोजणी केली. त्याला तिसऱ्या टप्प्यावर ठेवण्यासाठी दोन टप्पे कमी केले, फिल्टरसाठी एक वाढवला, आणि बांधापासून कड्यापर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून छिद्र लहान ठेवून शटर संथ केला. त्या सकाळी मी तीनच चित्रे घेतली.

काकांच्या अंधारखोलीत प्रिंट काढताना कड्याचा भाग फार गडद होऊ लागला, तेव्हा काकांनी त्यावर काही सेकंद हाताची सावली धरायला शिकवले. चौथ्या कागदावर मनासारखे चित्र उतरले.

समारोप

या अभ्यासातून मला जे उमगले ते थोडक्यात मांडते. अतिपरिचित दृश्याचे चित्र काढू नये असे मुळीच नाही. पण कठड्यापाशी पोहोचल्यावर आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : येथे उभे राहण्याचे कोणी ठरवले, या चौकटीबाहेर काय राहिले, आणि या जागेविषयी मला असे काय ठाऊक आहे जे येथे येणाऱ्या इतरांना ठाऊक नसेल? रचनेचे नियम, फिल्टर, टप्पे हे सर्व शिकलेच पाहिजे, कारण ते आल्याशिवाय जे ठाऊक आहे ते कागदावर उतरत नाही. तथापि नुसत्या नियमांनी निघणारे चित्र कोणाचेही असू शकते.

हे चित्र मी अद्याप कोणत्याही स्पर्धेला पाठवलेले नाही. आधी ते घरी दाखवले. वडील म्हणाले, “कडा लईच बारीक आलाय.” मी म्हटले, तो तसाच हवा होता. आजीने चष्मा लावला, प्रिंट उजेडाला धरला आणि बांधावरून बोट फिरवत कोठे कोणाचे वावर होते ते एकेक सांगू लागली. कड्याकडे तिने पाहिलेही नाही. कडेला येऊन तिचे बोट थांबले आणि तिने विचारले, “आन् हिर कुठाय?”

विहीर बांधाच्या डाव्या हाताला होती. दगडांनी बुजलेली, तोंड तेवढे दिसणारी. रेषा बिघडते म्हणून मीच ती चौकटीबाहेर ठेवली होती. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरले की मला पुन्हा जावे लागणार आहे.